घंटीपुढचं वाक्य

उन्हाळाभर पावसाचा थेंब नाही, त्यामुळे फोर्क गावच्या रानातली माती अशी आवळून बसली होती, की होझी गेदरच्या जुन्या ट्रॅक्टरचा फाळ सरीतून गेला तरी रताळी उघडी पडत नव्हती. नुसती ढेकळं उलटायची. मग त्याची बायको मोझेल गुडघे टेकून ढेकूळ दोन्ही हातांनी दाबून फोडायची आणि आतलं रताळं हलकेच काढून घ्यायची. नव्या रताळ्याची साल तान्ह्या पोराच्या कातडीसारखी असते. नख लागलं तरी डाग पडतो, आणि डाग पडला की खरेदीच्या शेडवर प्रतवारीत माल खालच्या ढिगात जातो.

शेजारच्या सरीत ल्युव्हेनिया होती. दोघींची सावड होती. आज गेदरांच्या रानात, उद्या तिच्या.

"गुडघ्याला काय बांधलंयस गं?" ल्युव्हेनियानं विचारलं.

"होझीची विजार."

"त्याला ठाऊक आहे?"

"थंडी पडली की कळेल."

ल्युव्हेनिया हसली, पण लगेच पाठ धरून सरळ झाली. "संध्याकाळी डीकन किती वेळ बोलणार म्हणे?"

"तीन मिनिटं. माणसाला तेवढीच देतात."

"तीन मिनिटांत अर्स्किन डीकनचा घसासुद्धा साफ होत नाही."

मोझेलनं ढेकूळ फोडून रताळं बादलीत ठेवलं. तिची नजर बांधापलीकडे गेली. तिथं, पाइनच्या झाडांच्या आडोशाला, फोर्कची शाळा होती. लांबट, पांढरी, छपरावर निळी ताडपत्री. संध्याकाळी मेरिट गावात शाळामंडळाची सभा होती, आणि मंडळाच्या मनात ही शाळा बंद करायची होती.

जिल्हा एक, कर एक, मंडळही एकच. पण मेरिटच्या शाळेत बहुतेक पोरं गोरी, तिथं गेल्या वर्षी खेळाच्या मैदानावर दिवे लागले. फोर्कच्या शाळेत पोरं सगळी काळी, तिथं पाऊस आला की बाई आधी बादल्या मांडायच्या आणि मग फळ्याकडे वळायच्या. छपराचे अर्ज करून करून गावाचे हात दुखले. आता मंडळच म्हणत होतं, की छप्पर कुजलंय, इमारत धोक्याची आहे, पोरांना बसनं मेरिटला आणा. मेरिटच्या इमारतीत त्यांना जागा नव्हतीच. मागच्या बाजूला गाड्या लावतात तिथं पत्र्याच्या खोल्या उभ्या करणार होते.

मोझेलची नात रेनिता त्या शाळेत चौथीत होती. पोरीची आई दूर शहरात कामाला, म्हणून पोर आजी-आजोबांकडे. तिच्या रक्तात खोट होती, सिकलसेल. अंगात गारठा शिरला की हाडं आतून कुणी पिळल्यासारखी दुखायची आणि ती ओठ चावत भिंतीकडे तोंड करून पडायची. दुखायला लागलं की बाई शाळेच्या दारात येऊन लाल कापड हलवायच्या, आणि मोझेल हातातली बादली टाकून बांधावरून पळायची. मागच्या हिवाळ्यात छपरातून तिच्या पाठीवर पाणी ठिबकलं, तरी पोर जागेवरून उठली नाही, कारण गणित चाललं होतं. त्या दुखण्यात ती दवाखान्यात इतके दिवस राहिली, की घरी आली तेव्हा तिचे बूट तिला सैल होत होते.

मेरिट तासाभराच्या वाटेवर. तिथल्या दारात कुणी लाल कापड हलवलं तर ते कुणाला दिसणार होतं?

* * *

रताळ्याचा चीक हाताला लागला की काळा पडतो आणि निघता निघत नाही. मोझेलनं रॉकेल लावलं, चरबी लावली, शेवटी चर्चमध्ये स्वयंसेविका घालतात ते पांढरे हातमोजे चढवले. होझीनं सगळ्यांना आपल्या गाडीतून मेरिटला नेलं, पण स्वतः खाली उतरला नाही.

"तू ये की आत," ती म्हणाली.

"कॉलियरच्या डोळ्यांपुढं कशाला? उद्या माल त्याच्याच शेडवर घालायचाय."

मिस्टर कॉलियर मंडळाचे अध्यक्ष. नदीच्या अलीकडे रताळ्याची शेड एकच, तीही त्यांचीच. माणूस आवाज चढवणारा नव्हता. हसून बोलायचे, आणि काळ्या म्हाताऱ्यांनाही पोरासोरांसारखं एकेरीत बोलवायचे.

सभेत डीकन अर्स्किन पेटवे, फोर्कच्या चर्चचे वडीलधारे सेवक, बोलायला उठले. ताडमाड माणूस, पांढरे केस, रविवारचा काळा कोट. साठ वर्षं त्यांनी चर्चमध्ये गीताची ओळ दिलेली. त्यांनी आधी पुढं सांगायचं आणि सगळ्या मंडळीनं मागून झील धरायची. एवढ्या लोकांपुढं उभं राहिल्यावर माणसानं कसं बोलायचं असतं, हे त्यांना एकाच प्रकारे ठाऊक होतं.

"सर्वप्रथम," डीकन म्हणाले, "माझ्या आयुष्याचा धनी जो परमेश्वर, त्याला मान देऊन, आमचे पाळक रेव्हरंड टिल्मन यांना मान देऊन, आमच्या मंडळीतले सगळे वडील, माता आणि भगिनी यांना, या सभेचे अध्यक्ष आणि सगळे सभासद यांना, आज इथं जमलेले पाहुणे, मित्र आणि शेजारी यांना, आणि जे दुखण्यानं अंथरुणाला खिळलेत पण मनानं आपल्यात आहेत, त्यांनाही मान देऊन..."

मागच्या बाकांवरून "आमेन" आलं. डीकन सुखावले. त्यांनी आपल्या दिवंगत बायकोला मान दिला. ज्यांनी या शाळेसाठी लाकडं वाहिली त्या म्हाताऱ्यांना, नावं घेऊन, मान दिला. मग श्वास घेतला, खिशातला कागद उलगडला, आणि टेबलावरची घंटी वाजली.

"धन्यवाद, अर्स्किन," कॉलियर म्हणाले.

"साहेब, मी अजून सांगायला..."

"वेळ संपली. पुढच्या खेपेला आभार घरी मानून ये, म्हणजे इथं कामाचं बोलता येईल."

एका सभासदानं तोंडावर हात धरला, पण त्याचे खांदे हलत होते. फोर्कहून आलेल्या बाकी कुणी बोलायला नाव दिलं नव्हतं. सगळ्यांनी डीकनवर सोडलं होतं. अध्यक्षांनी सांगितलं, निर्णय पुढच्या महिन्याच्या सभेत. डीकननं कागदाची घडी घातली, पुन्हा घातली, आणखी एकदा घातली. कोटाचा खिसा त्यांना सापडेना. मोझेलनं हात पुढं करून तो कागद खिशात सारला.



* * *

बुधवारी प्रार्थनासभेला डीकनची जागा रिकामी होती. ओळ द्यायला पुढं कुणी होईना. रेव्हरंड टिल्मन बोलायला उभे राहिले तेव्हा आवाज साधाच होता. हवापाण्याचं बोलतात तसा. मग ते मेरिटच्या सभेकडे आले, आणि बोलता बोलता त्यांच्या शब्दांना कधी सूर लागला ते कुणाला कळलं नाही. वाक्याच्या शेवटी श्वास तुटायचा आणि पुढचं वाक्य त्याच्याही वरच्या पट्टीत चढायचं. प्रवचन गाण्यात शिरलं की मोझेलच्या पाठीचं दुखणं निघून जायचं. तिला वाटायचं, देवाला माणसाचं साधं बोलणं कळतं हे खरं, पण सुरात सांगितलं की तो आपली खुर्ची जरा पुढं ओढून घेतो.

"मी त्या दरबारात गेलो होतो," पाळकांनी सूर लावला, "जिथं टेबलावर घंटी आहे! हो! पण मला आणखी एक दरबार ठाऊक आहे! मध्यरात्री गेलो, दार उघडं होतं! तोंडातून शब्द फुटेना, त्यानं नुसत्या हुंदक्याला हो म्हटलं! माझ्या बापाच्या दरबारात... बोला माझ्यासंगं... माझ्या बापाच्या दरबारात घंटी नाही!"

"घंटी नाही!" सगळं चर्च उठलं. ल्युव्हेनिया टाळ्या पिटत होती, तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "नाही, नाही, घंटी नाही!"

मग कुणीतरी जुनं लांब चालीचं गीत धरलं. ओळ द्यायला कुणी नसताना, आठवेल तसं. ती चाल इतकी संथ, की एकेक अक्षर ओढायला छातीभर हवा लागते. मोझेल गात होती. तिचा श्वास संपला, ती थांबली, आणि गाणं थांबलं नाही. डावीकडच्या म्हातारीचा श्वास अजून होता. म्हातारी थांबली तोवर मोझेलची छाती पुन्हा भरली होती. कुणीही दुसऱ्याबरोबर एकाच जागी श्वास घेत नव्हतं. लहानपणापासून ती हे गात आली होती, पण आज ती गाता गाता ऐकत राहिली. मग तिनं गाणं सोडून ल्युव्हेनियाचा दंड धरला.

"सोड की! गीत चाललंय."

"अगं, तेच म्हणते. कुणी थांबलं तरी ते चालतं."

* * *

दुसऱ्या दिवशी मोझेल डीकनकडे गेली. ते ओसरीत बसून कानशीनं कुदळीला धार लावत होते. त्या कुदळीला धारेची गरज नव्हती.

"काल आला नाहीत, डीकन."

"अंग दुखत होतं."

"कुठं?"

त्यांनी कानस थांबवली. "सिस्टर गेदर, मला पुन्हा तिथं उभं राहायला सांगायला आला असाल तर पाणी प्या आणि जा. ते हसले मला. साठ वर्षं मी मान देऊन बोलतो, कुणी हसलं नाही."

"तर मग मानच द्या की. तीन मिनिटं नुसता मान द्या. दुसरं काही बोलूच नका."

त्यांना वाटलं, ही चेष्टा करते. त्यांचा चेहरा कडक झाला. मोझेल पायरीवर बसली.

"तुम्ही सुरुवात करा. घंटी वाजली की ज्या शब्दावर असाल त्या शब्दावर गप्प बसा. पुढचा शब्द ल्युव्हेनिया उचलेल. तिची घंटी वाजली की तिच्यापुढचा. नावं प्रत्येकाची वेगळी, बोलणं मात्र एकच. ते घंटी किती का वाजवेनात."

डीकननं कानस कुदळीशेजारी ठेवली.

"आणि त्यांनी क्रम बदलला तर?" ते म्हणाले. "कॉलियर नाव कुणाचं आधी घेईल काय सांगावं?"

हे मोझेलला सुचलंच नव्हतं. तिचा चेहरा पडला. तो पडलेला पाहून म्हाताऱ्याच्या ओठाचा एक कोपरा जरासा हलला.

"मग सगळ्यांना सगळं पाठ पाहिजे," ते म्हणाले. "अक्षर न अक्षर. ते काम माझं. आमच्या आजोबांना अक्षर वाचता येत नव्हतं, पण गीतं त्यांना तोंडपाठ. कशी झाली? कुणीतरी ओळ दिली म्हणूनच ना."

* * *

त्या महिन्यात फोर्कच्या रानांतून रताळी आणि भाषण एकदमच निघत होतं. ज्याच्या रानात सावड असेल तिथं डीकन बादली उपडी घालून बांधावर बसायचे आणि ओळ द्यायचे.

"आमच्या पोरांच्या वह्यांवर पाणी पडतं..."

सरीतून सगळे, खाली मान घालून, हात मातीत: "आमच्या पोरांच्या वह्यांवर पाणी पडतं..."

"सिस्टर ल्युव्हेनिया, 'पडतं.' 'पडतंय' नव्हे."

"डीकन, रताळं उपटू का व्याकरण?"

"दोन्ही. आणि रताळ्याला नख लावू नका."

पाळकांना मजकूर सुरात म्हणून दाखवायचा मोह आवरेना. डीकननं त्यांना परवानगी दिली नाही. "मंडळापुढं गायचं नाही. गायलं की ते म्हणतील, छान गातात हे लोक, आणि टाळ्या वाजवून शाळा बंद करतील." पाळक मुकाट्यानं क्रेट उचलायला गेले.

होझी हे सगळं ट्रॅक्टरवरून ऐकायचा. कधी ओठ हलायचे, कधी नाही. मोझेलनं त्याला एकदाही नाव दे म्हटलं नाही.

सभेच्या आधीच्या शनिवारी दोघं माल घेऊन शेडवर गेले. पट्ट्यावरून रताळी सरकत होती आणि प्रतवारी करणारा गडी ती तीन ढिगांत टाकत होता. तेवढ्यात मिस्टर कॉलियर स्वतः आले. त्यांनी गेदरांच्या क्रेटमधलं एक रताळं उचललं. सरळ, लांब, डाग नसलेलं. ते त्यांनी हातात फिरवलं.

"काय मोझेल, भाषण पाठ करतेस म्हणे?"

"हो, साहेब."

"माझं ऐकशील? सभेत नाव देऊन उगाच गाव नाराज करू नये. शेडवर माणसं असतात, त्यांनाही भावना असतात." त्यांनी ते चांगलं रताळं कारखान्यात डबाबंद करायच्या, सगळ्यांत खालच्या ढिगात टाकलं. फेकलं नाही. अगदी हलकेच ठेवलं. "होझी, तू शहाणा माणूस आहेस. घरात सांगत जा."

होझीनं टोपी काढली होती. ती त्यानं पुन्हा डोक्यावर घातली आणि पुढचा क्रेट उचलला. 

गाडीत बसल्यावर मोझेल म्हणाली, "तू म्हणत असशील तर मी नाव देत नाही. ल्युव्हेनिया आहे, बाकीचे आहेत. एका माणसानं अडत नाही."

होझीनं गाडी सुरू केली. 

"मागच्या हिवाळ्यात," तो म्हणाला, "दवाखान्यात पोर मला म्हणाली, आजोबा, मी उठून जागा बदलली असती तर बाईंना पुन्हा पहिल्यापासून शिकवावं लागलं असतं. म्हणून बसून राहिले." त्यानं गाडी शेडच्या फाटकाबाहेर काढली. "नाव दे तू."

* * *

सभेच्या दिवशी फोर्कमधून सात जणांनी वेळेच्या आत नाव दिलं. बाकीचं चर्च मागच्या बाकांवर आणि भिंतीला टेकून उभं होतं. होझीही आत आला होता. रेनिता त्याच्याजवळ, अंगात स्वेटर, कारण त्या खोलीतलं थंड हवेचं यंत्र भलतंच चालायचं.

कॉलियरनी यादीवर नजर टाकली. "अर्स्किन. तुझा मान द्यायचा राहिला असेल तर ये."

हशा झाला. डीकन उठले, कोटाची गुंडी लावली.

"सर्वप्रथम, माझ्या आयुष्याचा धनी जो परमेश्वर, त्याला मान देऊन..." त्यांनी घाई केली नाही. अध्यक्षांना पूर्ण नावानं, वडिलांच्या नावासकट मान दिला. बाकीच्या चारही सभासदांना एकेक करून, ज्याची आई आजारी होती त्याच्या आईसाठी प्रार्थनेसकट. घंटी वाजवणाऱ्या कारकून बाईंना मान दिला, त्या दचकल्या. कुणी हसेना. आपल्या आईचं नाव एवढ्या आदरानं घेतल्यावर हसायचं कसं, हे त्या सभासदाला कळेना.

"...आणि मान देऊन झाल्यावर, आम्ही इथं आलो आहोत ते..."

घंटी वाजली. डीकन त्या शब्दावर थांबले, मान लववली आणि बसले.

कॉलियरनी भुवई उंचावली. ओळीनं पुढचं नाव ल्युव्हेनियाचं होतं. ते सोडून त्यांनी यादीच्या तळाशी बोट नेलं. "मिनर्वा टॉलिव्हर."

काठी टेकत म्हातारी मिनर्वा उभी राहिली. नमस्कार नाही, खाकरणं नाही. "...आमच्या शाळेच्या छपराबद्दल बोलायला. हे छप्पर पहिल्यांदा गळलं तेव्हा आम्ही अर्ज केला..."

खोलीत एकदम चुळबूळ झाली. मग कळलं, आणि चुळबूळ थांबली. घंटीमागून घंटी वाजत होती आणि बोलणं अखंड चाललं होतं. कॉलियर कधी वरचं नाव घ्यायचे, कधी मधलं. एकदा तर त्यांनी मुद्दाम सगळ्यांत लाजऱ्या माणसाला, शाळेच्या शिपायाला बोलावलं. त्यानं डोळे मिटून घेतले आणि ज्या अक्षरावर तुटलं होतं त्याच अक्षरापासून धरलं. रेनिताचं वाक्य त्याच्या वाट्याला आलं. "मोझेल गेदरच्या नातीच्या पाठीवर पाणी ठिबकलं, आणि ती उठली नाही, कारण तिला शिकायचं होतं." मोझेलनं आपल्या घराचं दुःख त्या माणसाच्या थरथरत्या आवाजात ऐकलं. तिला ते आपल्या एकटीचं वाटेना.

"मोझेल गेदर."

ती उठली. कुठलं वाक्य आपल्याला येणार हे तिला माहीत नव्हतं, आणि आलं ते नेमकं सगळ्यांत जड. तिनं हातमोजे घातले नव्हते. चिकानं काळे झालेले हात तिनं समोरच्या बाकाच्या पाठीवर ठेवले आणि मिस्टर कॉलियरकडे पाहिलं.

"कर आम्हीही भरतो. त्याच करातून मेरिटच्या मैदानावर दिवे लागले, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पोरांनी उजेडात खेळावं. पण ज्या मंडळाला एका पोराच्या खेळावर दिवा लावता येतो, त्याच मंडळाला दुसऱ्या पोराच्या डोक्यावर पत्रा घालता येत नाही, असं कसं? आमची पोरं काळी आहेत म्हणून जर हे असेल, तर तसं उघड बोला आणि सभेच्या नोंदीत लिहा. नसेल, तर मग काय आहे ते सांगा. आम्ही ऐकायला बसलो आहोत."

कॉलियरचा चेहरा लाल झाला. मोझेलचा आवाज कापला नाही. महिनाभर सरीत गुडघ्यांवर बसून म्हटलेला मजकूर होता तो. घंटी वाजली तेव्हा ती "आम्हाला" या शब्दावर होती. तिथंच ती बसली.

ल्युव्हेनिया शेवटची. "...दान नको. जे मेरिटला मिळतं तेच हवं," तिनं उचललं, आणि पुढं म्हणत गेली. शेवटचं वाक्य तोंडात असताना घंटी झाली. "म्हणून आमचं मंडळाला एवढंच मागणं आहे, की..."

नावं संपली होती.

"यादी संपली," कॉलियर चटकन म्हणाले. "मतदान घेऊ."

पाच जणांत एक मिसेस लॉफ्टन होत्या. गोऱ्या, वयस्क, पूर्वी दवाखान्यात नर्स होत्या. सभेत फारशा बोलत नसत. त्यांनी चष्मा काढला.

"अध्यक्ष, वाक्य अर्धं राहिलंय."

"नियम..."

"सभासदाला बोलायला वेळ असतो. माझा मी त्यांना देते." त्या बाकांकडे वळल्या. "पुरं करा तुम्ही. कुणीही."

डीकन उठले. त्यांनी साधीच ओळ दिली, न गाता. "शाळा राहू द्या."

मागचे बाक, भिंतीला टेकलेली माणसं, पाळक, सगळे: "शाळा राहू द्या."

"छप्पर करून द्या."

"छप्पर करून द्या."

"पोरं आमची आहेत, तशी जिल्ह्याचीही आहेत."

मोझेलनं आपल्या घरातला एक जाड, खालच्या पट्टीतला आवाज मागून ऐकला. तिनं वळून पाहिलं नाही.

मत दोनाविरुद्ध तीन पडलं. शाळा राहिली. थंडीच्या आत छप्पर करायचं, हेही नोंदीत लिहिलं गेलं. मिसेस लॉफ्टननी शाळेच्या बाजूनं मत तर दिलंच. आणि ज्याच्या आईसाठी प्रार्थना झाली होती, त्या सभासदानं कॉलियरकडे न बघता हात वर केला.

पाळक मात्र आता गप्प बसायला तयार नव्हते. बाहेर पडल्या पडल्या मेरिटच्या भर चौकात त्यांनी असा सूर लावला, की समोरच्या दुकानातला माणूस दार उघडून बघायला आला.

* * *

दोन दिवसांनी होझी आणि मोझेल माल घेऊन शेडवर गेले. प्रतवारी करणाऱ्या गड्यानं त्यांच्याकडे बघितलं नाही. पहिला क्रेट त्यानं पट्ट्यावर ओतला आणि सगळाच्या सगळा खालच्या ढिगात ढकलला. दुसराही तसाच.

"बघ तरी," मोझेल म्हणाली. "एकालाही डाग नाही."

"मला सांगितलंय ते मी करतो, मिस मोझेल," गडी पुटपुटला. तोही काळाच होता. त्याचं पोरही फोर्कच्याच शाळेत होतं.

होझीनं पट्टा बंद करायचं बटण दाबलं. कुणी शेतकरी त्या बटणाला हात लावत नसे.

"परत भर," तो बायकोला म्हणाला.

दोघांनी ढिगातून आपली रताळी वेचून पुन्हा क्रेटमध्ये लावली. वेळ लागला. वरच्या खिडकीतून कुणी बघत होतं, पण खाली कुणी आलं नाही. प्रतवारीचा गडी काही क्षण उभा राहिला, मग खाली वाकून त्यांच्याबरोबर भरू लागला.

नदीपलीकडच्या जिल्ह्यात एक शेड होती. अर्ध्या दिवसाची वाट. ते घेतील की नाही ठाऊक नव्हतं. गाडी रस्त्याला लागल्यावर मोझेलनं पाठ टेकली आणि डोळे मिटले.

"शाळेत नर्स नाही," होझी म्हणाला.

"हं?"

"मेरिटला आहे. आपल्याकडं नाही. पोरीला दुखायला लागलं तर बाई काय करणार? गणित शिकवणारी बाई ती." त्यानं गिअर बदलला. "पुढच्या सभेला माझं नाव दे."

मोझेलनं डोळे उघडले. "तू बोलणार? तू तर चर्चमध्ये आमेनसुद्धा ओठातल्या ओठात म्हणतोस."

"म्हणून तर. माझी वाचलेली मिनिटं डीकनला देऊ."

ती हसली, इतकी, की तिला बाजूचा दांडा धरावा लागला. पूल आला. मागं भरलेला माल जड होता, म्हणून होझीनं वेग कमी केला आणि गाडी जपून नदीवर घातली.